दुखणं जुनं झालं की माणूस चिडका का होतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेदोनला आप्पा, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरात पाय घसरून पडले. डोक्याला खोक पडली, रक्त बरंच गेलं. नवरा कामासाठी परगावी होता. मी टॉवेल जखमेवर घट्ट दाबून धरला, मुलीला शेजारच्या काकूंना उठवायला पिटाळलं, आप्पांच्या गोळ्यांची पिशवी आणि फाईल काखेत मारली, रिक्षा मिळवली. टाके पडून सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी शांत होते. आप्पा रक्त पातळ होण्याची कोणती गोळी घेतात, किती घेतात, हेही डॉक्टरांना न अडखळता सांगितलं. काकू नंतर म्हणाल्या, "तुझा हात जरासुद्धा कापत नव्हता गं."

सकाळी घरी येऊन चहा ठेवला. साखरेच्या डब्याचं फिरकीचं झाकण निघेना. दोनदा जोर लावला, मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली, आणि मी ओट्याला टेकून अर्धा तास रडले. मुलगी घाबरून गेली. नवरा फोनवर म्हणाला, "अगं, काल एवढं सगळं निभावलंस आणि आज झाकणावरून काय?"

मला बारा वर्षं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सांधे सुजून दुखत राहण्याचा आजार. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. त्या सकाळपर्यंत माझाही समज असाच होता की दुखण्याने माझा स्वभाव बिघडलाय. भांडं पडलं की ओरडते, दाराची बेल दोनदा वाजली की छातीत धडधडतं, पाहुणे येणार म्हटलं की आदल्या रात्रीपासून सांधे ठणकतात. मग मी माझ्या डॉक्टरांना विचारत गेले, वाचत गेले. जे समजलं ते इथे सांगते, कारण हे समजल्यावर आमच्या घरातलं बोलणं बदललं.

आधी ताण म्हणजे काय ते पाहू. आपण 'टेन्शन' हा शब्द मनाच्या काळजीसाठी वापरतो, पण शरीराच्या हिशेबात ताण म्हणजे संकटाची तयारी. अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास दाखवलं की वेदना, भूक, भीती आणि राग या चारही प्रसंगी शरीर जवळपास एकच तयारी करतं: लढायची किंवा पळायची. हृदय जोरात चालतं, स्नायूंना रक्त जातं, पचन थांबतं. वेदना या यादीत पहिल्यापासूनच आहे. ती ताणाचा परिणाम असण्याआधी स्वतःच एक ताण आहे, हे एवढं एक वाक्य मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेलिए यांनी उंदरांना वेगवेगळे त्रास देऊन पाहिले. थंडी, जखम, अतिश्रम, निरनिराळी औषधं. त्रास कुठलाही असो, आतले बदल सारखेच दिसले. त्यांनी तीन टप्पे सांगितले: आधी शरीर खडबडून जागं होतं, मग टिकाव धरतं, आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकून बसतं. जुनाट दुखण्याचा माणूस या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये कुठेतरी वर्षानुवर्षं राहत असतो.

ही तयारी दोन वाटांनी होते. एक वाट झटपट. मज्जातंतूंमधून निरोप जातो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. दुसरी सावकाश. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना सांगते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. त्याची पातळी वर चढायला वीसेक मिनिटं ते अर्धा तास जातो. कॉर्टिसॉल साखर मोकळी करतं, जागं ठेवतं, आणि शरीरातली सूज आवरतं. शिवाय रक्तात ते पुरेसं झालं की मेंदूला तेच सांगतं, 'आता बास'. म्हणजे भोंगा वाजवणाऱ्या यंत्रणेतच तो बंद करणारी कळ बसवलेली आहे. निरोगी माणसात हे सुंदर चालतं. संकट येतं, भोंगा वाजतो, संकट जातं, भोंगा थांबतो.

संकटाच्या वेळी मेंदू आणखी एक काम करतो. तो वेदना दाबून टाकतो. दहीहंडीत वरच्या थरावरून घसरलेला गोविंदा ढोपर फुटलेलं असूनही नाचत असतो, आणि घरी येऊन पाय धुताना त्याला कळतं की केवढं लागलंय. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञांनी गंभीर जखमी सैनिक पाहिले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना वेदनाशामक नको होतं. त्यांचं हे निरीक्षण १९४६ साली छापून आलं. याचा खुलासा पुढे होत गेला. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक असल्यासारखी व्यवस्था आहे. अंगातून येणारा वेदनेचा निरोप त्या फाटकातून जातो, आणि मेंदू वरून हुकूम पाठवून फाटक लोटून घेऊ शकतो. जीव वाचवायचा असतो तेव्हा ते लोटलं जातं.

त्या रात्री माझं फाटक असंच लोटलेलं होतं. सुजलेल्या मनगटांनी मी वीस मिनिटं टॉवेल दाबून धरला आणि मला मनगटं आहेत याची आठवणही नव्हती.

हेच बारा वर्षं चाललं तर काय होतं?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, तिला स्वतःचं वेगळं स्थान मिळालं. हे फार उशिरा झालं असं मला वाटतं. कारण जुनं झालेलं दुखणं हे ताज्या दुखण्याचंच लांबलेलं रूप नसतं. त्यात यंत्रणाच बदलते.

पहिला बदल मज्जारज्जूत होतो. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की वेदनेचे निरोप सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त संवेदनशील होतात. आवाजाचं बटण कुणीतरी वाढवून ठेवावं तसं. मग हलका स्पर्शही दुखतो आणि दुखणं आपल्या जागेबाहेर पसरतं. फायब्रोमायल्जियासारख्या, अंगभर दुखत राहणाऱ्या आजारांत तर आवाज आणि प्रकाशही सोसवत नाहीत. कुकरची शिट्टी किंवा फरशीवर पडलेली स्टीलची ताटली यांनी आजारी माणूस दचकतो तेव्हा तो नाटक करत नसतो.

दुसरा बदल वरून येणाऱ्या हुकमात. फाटक लोटून घ्यायची ताकद अनेक रुग्णांमध्ये कमी पडते, आणि नेहमीच्या, रोजच्या ताणात तर उलटंच घडतं: ताण आला की फाटक सताड उघडतं. ज्या गोष्टीने निरोगी माणसाची वेदना दबते तिनेच यांची वाढते. घरात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी पाठ धरते, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी अर्धशिशी उठते. लोक म्हणतात, "बघ, टेन्शन घेतलंस म्हणून दुखलं." यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. दुखण्याने आधी ताणाची यंत्रणा बदलली म्हणून आता ताणाने दुखतंय. हा पूर्वार्ध कुणी बोलत नाही, आणि मग सगळं खापर आजारी माणसाच्या मनावर फुटतं.

तिसरा बदल कॉर्टिसॉलचा, आणि इथे सरळ उत्तर मिळत नाही. पाठदुखीच्या काही रुग्णांत ते वाढलेलं सापडलं, आणि ज्यांच्यात जास्त होतं त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लहान दिसला. हा भाग आठवणी सांभाळतो आणि 'आता बास' हा निरोप ऐकतो. म्हणजे भोंगा बंद करायचं बटण दाबलं तरी ऐकणारा कान मंद झालेला. फायब्रोमायल्जियाच्या बऱ्याच रुग्णांत मात्र उलट, दिवसभराचा चढउतारच सपाट झालेला दिसतो. सकाळी जो जोर यायला हवा तो येत नाही आणि रात्री जी उतरण हवी तीही नाही. दोन टोकांचे हे निकाल बघून मी आधी गोंधळले होते. आता मला वाटतं की सेलिए यांचे टप्पे आठवले तर ते समजायला जड जात नाहीत. कुणी टिकाव धरण्याच्या टप्प्यात असतं, कुणी थकलेलं. म्हणून लॅबमध्ये जाऊन एकदा कॉर्टिसॉल तपासून स्वतःच निष्कर्ष काढू नका. त्या एका आकड्यातून जुनाट वेदनेबद्दल फारसं काही कळत नाही.

आमवातात कॉर्टिसॉलची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांच्या १९२९ पासून लक्षात येत होतं की आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की, किंवा दिवस राहिले की, सांधे काही काळ मोकळे होतात. त्यांनी ताडलं की शरीर स्वतःच काहीतरी बनवत असणार. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं एक द्रव्य टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन, कॉर्टिसॉलचं सख्खं भावंड. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन संशोधकांना मिळून नोबेल मिळालं. ज्याला आपण ताणाचं संप्रेरक म्हणतो तेच माझ्या दुखण्यावरचं पहिलं मोठं औषध ठरलं, हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आमवातात सकाळ वाईट का असते तेही यातून कळतं. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं आणि उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचतं. सूज वाढवणारी रसायनं उत्तररात्री जोर करतात. त्यांना आवरायला जेवढं कॉर्टिसॉल लागतं तेवढं आमच्या शरीरात वेळेवर येत नाही. म्हणून सकाळी साडेसहाला माझी मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कात्रीने कापायची तर कात्रीत बोटं जात नाहीत. नळ तळहाताच्या कडेने ढकलून उघडावा लागतो. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते, कान धरताच येत नाही. आणि नेमकी तीच घराच्या घाईची वेळ. डबा, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न, "आई, माझा सॉक्स?" शरीर सगळ्यात कमकुवत असताना मागण्या सगळ्यात जास्त. मी सकाळी जेवढी ओरडले आहे त्याच्या दहावा हिस्साही संध्याकाळी ओरडले नसेन.

हेंच यांच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. जास्त दिवस स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसोनच्या जातीचं औषध, दिल्यावर हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, चेहरा सुजणं हे परिणाम दिसू लागले. आपल्याकडे आजही 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर संशय घ्या. बाहेरून स्टेरॉईड बरेच आठवडे मिळत राहिलं की आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम थांबवतात. मग ऑपरेशन, मोठा ताप किंवा अपघात अशा खऱ्या ताणाच्या वेळी शरीराला कॉर्टिसॉल वाढवताच येत नाही, आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून स्टेरॉईडची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेल्यावर आपण ती घेतो किंवा घेत होतो हे पहिल्यांदा सांगायचं. माझ्या पाकिटात तशी चिठ्ठी असते.

आता त्या झाकणाकडे येते.

रात्रभर अ‍ॅड्रेनॅलिनने मला उभं ठेवलं. लक्ष पूर्णपणे आप्पांवर होतं, आणि वेदनेला लक्ष मिळालं नाही की तिचा जोर कमी होतो. काय करायचं ते स्पष्ट होतं आणि ते माझ्या हातात होतं. सकाळपर्यंत तो जोर ओसरला. झोप झालेली नव्हती, आणि झोप गेली की वेदना सोसायची ताकद दुसऱ्याच दिवशी घटते. दाबून दाबून मनगटं सुजली होती. आमवातात सुजेची रसायनं मेंदूपर्यंतही पोचतात. ताप आलेलं मूल कसं कोपऱ्यात पडून राहतं, कुणी बोललेलं त्याला नको असतं, तसं काहीसं आमचं होतं. कपाळामागचा मेंदूचा जो भाग रागाला, रडण्याला लगाम घालतो, तोच भाग वेदनेला आवर घालण्यातही गुंतलेला असतो. त्याच्याकडे झाकणासाठी काही उरलेलं नव्हतं.

आणि झाकण लहान असलं तरी त्यात एक फार मोठी गोष्ट होती. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातांनी, मला ते जमत नव्हतं. २००४ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत केलेले ताणाचे २०८ अभ्यास एकत्र तपासले. कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कशाने उसळतं, तर दोन गोष्टी एकत्र आल्या की: परिस्थिती आपल्या हातात नसणं, आणि त्याच वेळी दुसरं कुणीतरी आपल्याला जोखत असणं.

जुनाट दुखण्याच्या माणसाचा दिवस या दोनच गोष्टींनी भरलेला असतो. दुखणं कधी उसळेल ते हातात नाही. आणि जोखणारे सगळीकडे. "दिसतेस तर चांगली." "माझ्या आत्यालापण होतं, ती तर सगळं करते." "एवढ्या लहान वयात?" बसमध्ये राखीव जागेवर बसले तर शेजारची बाई वरपासून खालपर्यंत बघते. रक्ताचा रिपोर्ट बरा आला की घरचेही म्हणतात, "मग आता काय दुखतंय?" आपल्यावर विश्वास ठेवला जात नाही, हे दुखवतं ते केवळ भावना म्हणून नाही. त्याने खरोखरच भोंगा वाजतो, आणि फाटक उघडतं. आजाऱ्यावर विश्वास ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे असं मी म्हणते ते याच आधारावर.

यातलं किती परत फिरतं? हा प्रश्न मी डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारला होता. उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. मॉन्ट्रियलच्याच संशोधकांनी २०११ मध्ये जुनाट पाठदुखीच्या रुग्णांचे मेंदू उपचाराआधी आणि उपचारानंतर सहा महिन्यांनी तपासले. ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांच्यात कपाळामागच्या त्या लगामाच्या भागाचा पातळ झालेला थर पुन्हा जाड झाला होता, आणि काम करताना मेंदूची हालचालही निरोगी माणसासारखी होऊ लागली होती. म्हणजे दुखणं कमी केलं की ताण झेलायची ताकद परत येऊ शकते. म्हणून 'आधी मन शांत करा, दुखणं आपोआप जाईल' या सल्ल्यावर माझा राग आहे. दुखण्यावर उपचार करणं हाच मनाला मिळणारा पहिला आराम आहे. आमवात असेल तर संधिवाततज्ज्ञ गाठा, सुजेवरची खरी औषधं वेळेत सुरू करा. दुखणं तरीही राहिलं तर मोठ्या रुग्णालयांत पेन क्लिनिक, म्हणजे वेदनेवर उपचार करणारा विभाग, असतो, बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच तो चालवतात. फार कमी लोकांना हे माहीत असतं.

दुसऱ्या बाजूनेही काम करता येतं, कारण वाट दुहेरी आहे. सावकाश श्वास सोडल्याने हृदयाची धडधड उतरते. वेदनेसाठी खास केलेली समुपदेशनाची पद्धत आहे, ती मलाही उपयोगी पडली. मन अगदीच बसलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. जुनाट वेदनेत नैराश्य फार सर्रास दिसतं आणि त्यावर वेगळा उपचार होतो. ते अंगावर काढू नये.

पण मला सगळ्यात जास्त फरक पडला तो अंदाज येण्याने. काय होणार आहे हे आधी कळलं की शरीर कमी दचकतं. नवरा आता मिक्सर लावायच्या आधी "लावतोय गं" म्हणतो. पाहुणे येणार असतील तर तीन दिवस आधी सांगतो, आणि त्या दिवशी पोळ्या बाहेरून येतात. दमायच्या आधी बसायचं, दमल्यावर नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. चांगला दिवस आला की सगळी कपाटं आवरायला काढायची माझी सवय होती, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. आता चांगल्या दिवशीही एकच कपाट. सकाळचा डबा नवऱ्याकडे आहे. मुलगी शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी माझ्या हातांकडे बघते, आणि त्यावरून ठरवते की आज काय मागायचं.

साखरेचा डबा आम्ही बदलला. नव्याचं झाकण नुसतं वर ठेवायचं आहे, फिरवायचं नाही. त्यामुळे मुंग्या लागतात. मग आप्पांनी एक परात काढली, तिच्यात बोटभर पाणी घातलं आणि डबा मधोमध ठेवला. ते पाणी रोज सकाळी तेच बदलतात.